कढीपत्त्यावरचे ठिपके, उलट्या लेन्समधून

कढीपत्त्याच्या कुंडीवर बायकोचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. ते योग्यच, कारण कुंडी उलट उत्तर देत नाही. कोरमंगलाच्या आमच्या बाल्कनीत आधीची दोन रोपं वाळली. तिसरं कमरेएवढं झालं, आणि एका गुरुवारी त्याच्या कोवळ्या पानांखाली पिवळसर ठिपके दिसले, खसखशीच्या दाण्याएवढे.

"फुलपाखराची अंडी असतील," मी म्हणालो.

"किंवा कीड. शनिवारी फवारणीवाला येतोय. कीड असेल तर फवारायचं, फुलपाखरू असेल तर त्याला परत पाठवायचं. तू ठरव, कॅमेरेवाला तू."

घरातल्या भिंगातून पिवळ्या ठिपक्याचा जरा मोठा पिवळा ठिपका झाला, एवढंच.

वरच्या मजल्यावर एक छायाचित्रकार राहतात. त्यांच्या जाकिटाला इतके खिसे आहेत की किल्ली शोधायला ते जिन्यात बसतात. सल्ला विचारला तर म्हणाले, "अगदी जवळचं टिपणारी खरी मॅक्रो लेन्स घ्या, नाहीतर या वाटेला जाऊ नका. बाकी सगळी खेळणी." मग ते प्रकाशाच्या आत्म्याविषयी बराच वेळ बोलले. फोटो एकही दाखवला नाही.

मला खेळणंच हवं होतं. शुक्रवारी ऑफिसातून थेट या कानडी शहरातलं शिवाजीनगर गाठलं आणि एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून रिव्हर्स रिंग घेतली. ही बांगडीसारखी पातळ कडी. तिच्या एका बाजूच्या आट्यांवर नेहमीची लेन्स तोंडाकडून बसवायची आणि दुसरी बाजू कॅमेऱ्यात अडकवायची. झालं, लेन्स उलटी, आणि तिचंच जबर भिंग.

"फोकस मत घुमाओ सर," दुकानदार म्हणाला. "खुद हिलो. स्वल्प आगे, स्वल्प पीछे. सरी?" कळलं ना?

शनिवारी सकाळी लेन्स उलटी लावली आणि आत काळोख दिसला. उलट्या लेन्सला कॅमेऱ्याकडून हुकूम पोहोचत नाही, म्हणून तिचं आतलं छिद्र जवळजवळ मिटूनच राहतं. आता उघड्या पडलेल्या तिच्या पाठीमागच्या कडेला एक चिमुकला खटका असतो. तो बोटाने सरकवला की उजेड, सोडला की पुन्हा रात्र. शेवटी माझ्या व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा दुमडून तिथे खुपसला. त्या कार्डावरच्या लांबलचक पदनामाने एखादी गोष्ट उघडी ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता पान दिसू लागलं, पण लेन्स त्याला इतकी खेटून धरावी लागे की तिचीच सावली पडे. फ्लॅशवर दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळली, तेव्हा उजेड मऊ झाला. बायकोने फांदी कपड्याच्या चिमट्याने काठीला बांधली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"मी नाही, पान हलतंय."

"मग श्वास सोडू नकोस."

मी पुढे झुकलो, मागे सरलो, परत पुढे. आणि धुक्यातून एक गोळा वर आला. गुळगुळीत, मेणासारखा, आरपार दिसणारा. आत अंग मुडपून कोणीतरी होतं. काळं डोकं स्पष्ट दिसत होतं. मी बटण दाबायचं विसरलो, कारण ते डोकं हललं.

"ये, लवकर ये."

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि मग तो मला परत देईना. त्यानंतर आम्ही आळीपाळीने भांडत पाहिलं. कवचाला भोक पडलं. त्यातून केसाळ, तपकिरी अळी वळवळत बाहेर आली आणि मागे वळून स्वतःचंच कवच खाऊ लागली. "फुलपाखरूच," बायको म्हणाली. ऑफिसातल्या कुठल्याही उद्घाटनाला मी इतका हजर नव्हतो.

बेल वाजली. दारात फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन उभा.

"बेडा अण्णा," बायको म्हणाली. नको. "चिट्टे इदावे." फुलपाखरं आहेत.

त्याने बाल्कनीकडे मान वाकवून पाहिलं. "एल्ला तिन्नुत्ते, अक्का." सगळं खाऊन टाकेल.

ते तिला ठाऊक होतं. तो गेल्यावर ती कुंडीपाशी उकिडवी बसली. अळीचं कवच संपलं होतं आणि ती आता पानाच्या कडेला लागली होती.

"खा बाई," ती म्हणाली, "पण शेंडा सोड."