अण्णासोंची पहिली हाक

मिरच्यांची देठं निम्मी काढून झाली होती. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या त्या. एका बाजूला खुडलेल्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला देठांसकट, मधे नाकाला पदर लावून मी. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर घेऊन दारात आला. माझे हात तिखटाचे, म्हणून मी यांना हाक मारली. यांनी सही केली, लखोटा फोडला आणि उंबऱ्यातच खाली बसले.

"आलं गं," म्हणाले. आवाज तेव्हाच बसलेला होता. घशात वाळू असल्यासारखा.

आलं म्हणजे वायरलेसचं लायसन. घरच्या घरी सेट लावून दुसऱ्या गावातल्या माणसाशी हवेतून बोलायचा छंद असतो, हॅम रेडिओ म्हणतात त्याला. त्याला सरकारची परीक्षा असते. पास झालं की चौकशी होते, आणि मग कधीतरी लायसन येतं. सोबत इंग्रजी अक्षरांचं एक नाव मिळतं, कॉलसाइन. हवेत त्याच नावानं हाक मारायची. यांना ते नाव मिळालं आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशात गाठ आहे, ती चांगली नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या सोमवारी दाखल व्हायचं होतं.

मिरच्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालूबाईंनी येऊन खुडल्या.

आमचे हे, अण्णासो, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, भाकरी बांधून कामाला, आणि संध्याकाळी आले की गच्चीवर पाइप आणि कानस. या छंदात ते पडले कागलच्या गणपतरावांमुळं. गणपतराव ऊसवाले, लायसनवाले, पण हातात पाना धरायचा कंटाळा. त्यांच्या घरावरची अँटेना वाऱ्यानं पडली, ती यांनी उभी करून दिली. मग हातकणंगल्याच्या बाळासोंची केली. मग कळंब्याला एकाची. सुट्टी आली की हे कुणाच्या तरी घरावर चढलेलेच.

अँटेना म्हणजे तरी काय! उलट्या छत्रीसारखं दिसायचं ते. एक ॲल्युमिनियमची काडी सरळ वर, चार काड्या खाली तिरक्या, आणि मधून एक जाड काळी वायर सेटकडे. काडी आधी जरा लांबच ठेवायची, मग मीटर लावून कानशीनं थोडी थोडी कमी करत यायची. पाठवलेलं वर किती गेलं आणि किती माघारी आलं, ते मीटर दाखवतं. माघारी येणं जवळजवळ बंद झाल्याशिवाय हे शिडीवरून उतरायचे नाहीत.

शालूबाई खालून ओरडायच्या, "काय ओ अण्णासो, गावभर काटक्या लावतासा, च्यानेल किती दिसत्यात?"

"एकबी दिसत न्हाई शालूबाई, निस्तं ऐकू येतंय."

"मग तुमच्या बायकोनं काय पाप केलंय, तिला एक टीवी घ्या की!"

दुसऱ्यांच्या घरावर इतक्या अँटेना चढवल्या, पण स्वतः कधी एक शब्द हवेत बोलले नाहीत. लायसन नव्हतं ना. गणपतराव माईक पुढं करायचे, "बोला की ओ दोन शब्द, कोण बघाय येतंय हितं!" हे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. म्हणायचे, "बघत न्हाई म्हणूनच न्हाई बोलायचं."

परीक्षेत दोनदा नापास झाले. त्यात टिकटिक ऐकून अक्षरं ओळखायची असतात, आणि कारखान्याच्या घणाघाती आवाजानं यांचे कान अर्धे गेलेले. बारीक टिकटिक त्यांना सुटी सुटी ऐकूच यायची नाही. शेवटी त्यांनी धाकटं लायसन घ्यायचं ठरवलं. त्याला टिकटिकीची परीक्षा नाही, पण त्यावर नुसतं तोंडानं बोलायची परवानगी. "मला बोलायचंच हाय की," म्हणाले, "टिकटिक घेऊन काय करू?" ते पास झाले आणि मग वाट बघत बसले. आमच्या गच्चीवर अँटेना मात्र उभी केली नाही. लायसन हातात आल्याशिवाय आपल्या घरावर काडी चढवायची नाही, हा त्यांचा हट्ट.

आता लायसन आलं आणि सोमवार तोंडावर. त्या सोमवारच्या आत एकदा तरी आपल्या नावानं हवेत बोलायचं, बस्स, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला वेगळं सांगायची गरज पडली नाही. जेवताना घास गिळवत नव्हता, तरी डोळे गच्चीकडं.

गणपतरावांनी आपला जुना सेट आणून दिला. पाइप आला, काड्या कापल्या. पण शेजारच्या पत्र्याच्या टाकीमुळं मीटर काही केल्या मनासारखं बसेना. उभी केलेली अँटेना उतरवून यांनी ती दुसऱ्या कोपऱ्यात नेली. पुन्हा पाइपाला ताण्याच्या तारा, पुन्हा कानस. मी म्हटलं, "अहो, झालंय तेवढ्यावर बोला की. ऐकू गेलं म्हणजे झालं."

"दुसऱ्याच्या घरावर तसं सोडलंय का मी कधी?"

"दुसऱ्याला सोमवारी मिरजेला जायचं नव्हतं."

यांनी शिडी मला धरायला लावली.

रविवारी दुपारनंतर मीटर बसलं. शालूबाईंच्या घरून गणपतरावांना फोन केला, "सांजंला येतो हवेत." पलीकडून गणपतराव इतक्या मोठ्यानं हसले की फोनची काय गरज होती कोण जाणे. मी देवापुढं दिवा लावला, सेटलाही हळदकुंकू वाहिलं. यांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, विभूती लावली. कुणी दिसणार नव्हतं, तरी सदरा धुतलेलाच हवा होता.

सेट लावला तर आत गणपतराव आणि बाळासो बोलत होते. आवाज कसे स्वच्छ! दोघं आमच्या स्वयंपाकघरातच बसल्यासारखे.

"म्हस आटली व्हय बाळासो?"

"आटली कसली, माझ्यावर रुसलीया. मी धार काढाय गेलो की लाथ मारतीया."

"मग बायकूला पाठवा की."

"बायकूबी लाथच मारंल!"

हे गालात हसले. माईक हातात धरलेला, अंगठा बटणावर, पण दाबेनात. यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं, दोघांचं बोलणं चालू असताना मधे तोंड घालायचं नाही. त्यांचं संपू द्यायचं, मग आपलं नाव पुकारायचं. एसटीच्या तिकिटाला रांग लावता की नाही, तशीच इथं लावा, असं सांगायचे. फारच अडचण असली, कुणाचा जीव धोक्यात असला, तरच मधे पडायचं.

ते दोघं बोलतच राहिले. म्हशीवरून पाटाच्या पाण्यावर आले, पाण्यावरून कारखान्याच्या उसावर. मधे मधे थांबायचे. थांबले की मी यांच्याकडं बघायची, हे सेटकडं बघायचे, आणि पुन्हा त्यांच्यातला कुणीतरी सुरू व्हायचा.

"अहो, बोला की मधी!" मी म्हटलं.

यांनी ओठावर बोट ठेवलं.

मग बाळासो आपल्या आईचं सांगू लागले. चिमणाबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, माणूस ओळखत नव्हत्या. बाळासोंना एकदा वडील म्हणून हाक मारली, ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला. यांनी माईक खाली टेबलावर ठेवला.

"आता तर न्हाईच," म्हणाले. "आईचं सांगायलाय तो."

दिवेलागण झाली. गणपतराव म्हणाले, "बरं बाळासो, बंद करूया मग." बाळासोही येतो म्हणाले. सेटमधे नुसती सळसळ राहिली. यांनी अजून थोडा वेळ जाऊ दिला, कुणाचं काही राहिलं असेल म्हणून. मग माईक उचलला. घसा खाकरला. बटण दाबलं आणि आपलं नाव पुकारलं, एकेक अक्षर सुटं सुटं करून. कुणी ऐकतंय का, असं विचारलं.

सळसळ.

पुन्हा पुकारलं. मीटरकडं बघितलं, वायरचं तोंड आवळलं. मला म्हणाले, "अँटेना बरोबर हाय." आणि तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा शेवटच्या अक्षराला आवाज फाटला. नुसता वारा बाहेर आला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्यांनी हवेत मारलेली हाक ऐकलेली मी एकटी, आणि मी तर त्यांच्यापासून चार हातांवर.

"शालूबाईंकडून फोन करते," म्हटलं, "सेट लावा म्हणून सांगते त्यांना."

"राहू दे." खूप हळू बोलत होते. "फोन करून बोलवायचं म्हंजे हाक कसली ती?"

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही मिरजेला गेलो.

ऑपरेशन चाललं तोवर मी बाहेर बाकावर बसून शिवाचं नाव घेत होते. प्राण वाचव, एवढंच मागितलं. प्राण वाचले. आता आवाजाचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं घालू? पण रोज पूजेला बसले की तेच ओठावर येतं, आणि मी ते गिळते.

गळ्याला भोक, त्यावर फडकं, उशाशी पाटी-पेन्सिल. असे हे पडलेले असताना गणपतराव आणि बाळासो शहाळी घेऊन भेटायला आले. गणपतराव हळू बोलायचा प्रयत्न करत होते, पण कागलचा माणूस हळू बोलला तरी शेजारच्या खाटेला ऐकू जातं.

"अण्णासो, बरं झालं बघा सगळं. पर त्या दिशी का आला न्हाईसा? बेळगावकडची मंडळी सांजंला हवेतल्या त्याच जागंवर बोलत बसत्यात, म्हणून आमी दोघं आधीच जाऊन जागा धरून बसलोतो. तुमच्यासाठी. बोलाय काय उरलं न्हवतं, तर ह्या बाळासोनं घरातलं दुखणं काढलं. मग म्हटलं, उद्या मिरजेला जायाचं, जीवावर आलं आसंल."

यांनी पाटी उचलली नाही. मग मीच सांगितलं. हे माईक हातात घेऊन ऐकत होते, तुमचं संपायची वाट बघत होते, तुम्ही बंद केल्यावर तीनदा पुकारलं.

बाळासो भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"मग तुम्ही तरी यांना नावानं हाक का नाही मारलीत भाऊ?" मी विचारलं. राग आला होता मला, लपवला नाही.

गणपतराव खाटेच्या कडेला टेकले. "वैनी, नव्या माणसाची पयली हाक त्याची त्यानं मारायची आसती. आपुन बोलवून त्याची हाक खायची न्हाई." त्यांनी यांच्या पायावर हात ठेवला. "ह्येनीच शिकवलंय की ओ आमास्नी."

यांनी डोळे मिटून घेतले. गळ्यावरचं फडकं हलत होतं, तेवढंच.

नंतर मित्रांनी पुष्कळ उपाय सुचवले. टिकटिक शिका म्हणाले, तर यांच्या कानांना ती ऐकू येत नाही, आणि लायसन नुसतं बोलायचं. "निस्तं बटण दाबा, खट् आवाज आला की आमी समजू अण्णासो आले," असं गणपतराव म्हणाले. यांनी पाटीवर लिहिलं, 'नाव सांगितल्याशिवाय बटण दाबायचं नसतं.' गणपतराव ती पाटी वाचून चिडले. "कायदा घेऊन बसा तुमी!" म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले.

वर्षं गेली. कारखाना सुटला, पण अँटेना सुटल्या नाहीत. हे अजून शिडी चढतात. घरमालकाला वर काय, खाली काय, ते हातानं दाखवतात, टाळी वाजवून खालच्याला थांबवतात. काम झालं की त्या घरचा माणूस बोलतो आणि हे मीटर बघतात. संध्याकाळी आमच्या घरचा सेट लावून ऐकत बसतात. एकदा मी चहा घेऊन गेले तर माईक मांडीवर होता आणि ओठ हलत होते. आपलंच नाव, एकेक अक्षर सुटं सुटं. बटणावर अंगठा नव्हता. मी चहा दाराशीच ठेवून मागं फिरले.

परवा बाळासो आले होते. त्यांची सून विद्याश्री शाळेत शिकवते. तिनंही परीक्षा दिली आणि लायसन आलं. सासऱ्याचा सेट आहे, पण तिला वरच्या खोलीवर स्वतःची वेगळी अँटेना हवी आहे. नवी कधी करून देता, असं बाळासोंनी विचारलं. यांनी पाटी घेतली नाही. उठले, गच्चीवर गेले आणि आमचीच अँटेना सोडायला लागले. बाळासो खालून ओरडले, "आवो, ती कशाला! ती तुमची हाय!" हे खाली बघेनात. ताण्याच्या तारांच्या गाठी गंजलेल्या होत्या, त्या पक्कडीनं तोडून काढल्या. मी शिडी धरली.

सेटचं काय करायचं, मी विचारलं नाही. त्यांनीच तो फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. आता संध्याकाळी घरात शालूबाईंच्या टीव्हीचा आवाज येतो तेवढाच.

काल दिवसभर त्यांनी काड्या घासून पुसल्या, सुतळीनं एकत्र बांधल्या. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं हे हातकणंगल्याला जाणार आहेत, विद्याश्रीच्या घरावर अँटेना बसवायला.