फुफाजीची मिशी अन् पोट्टीच्या मानेतली नळी

माह्या दादाच्या पोट्टीच्या दिलाले जनमापासून छेद होता. पाच वर्षांची चिमणी, अंगणात पळाली का ओठ निळे. नागपूरले नेऊन छाती उघडून छेद शिवला. डॉक्टरनं आपलं काम चोख केलं. मंग आमचे नातेवाईक आपलं काम कराले आले.

सगळ्यात समोर फुफाजी. म्हणजे माह्या आत्याचे मालक, पवनीचे. देवाच्या घरी अक्कल वाटून राहिले होते तवा ह्या मानसानं मिशी मागून घेतली असन. तेल लावलेली, दोन्हीकडून वर चढवलेली. कोनाच्याही घरी पहिले मिशी येते, मंग फुफाजी येते.

पोट्टीच्या मानेत एक बारीक नळी होती. औषध तिच्यातून सीधं रक्तात जाये. सिस्टरनं आम्हाले बसवून सांगतलं होतं, "आयसीयूत फक्त आई येईल, तेही साबणानं हात धुऊन. या नळीतून जंतू रक्तात गेले ना, तर एवढं मोठं ऑपरेशन पाण्यात जाईल. लेकरू हाती लागणार नाही." माही वहिनी त्या दिवसापासून एवढे हात धुये का बोटं सुरकुतून गेली.

अन् फुफाजीनं काय करावं? "आमदार साहेबाचा खास मानूस हावो मी," म्हणून गार्डले दम देला अन् चपलीसकट आत. वरून खिशात अंगाऱ्याची पुडी.

"नोका ना फुफाजी, सिस्टर बोलते," वहिनी पदर सावरत म्हणे.

"तू चूप राय सूनबाई. देवाच्या अंगाऱ्यात कायचे जंतू?"

मानेवरच्या पट्टीचं टोक उचललं, अन् ज्या बोटानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते त्याच बोटानं आत अंगारा चोपडला. बाहेर येऊन मिशीवर ताव देला, जसा काई छेद यायनंच शिवला.

मंग पोट्टी तापली. दात वाजत, हातपाय थंडे. रक्त तपासाले गेलं अन् निरोप आला का रक्तात जंतू हायेत. जुनी नळी काढली, दुसऱ्या जागी नवीन टाकली, भारी औषधं सुरू केली. डॉक्टर दादाले म्हणे, "देखिए, कहाँ से आया, पक्का नहीं बोल सकते. हमारे यहाँ से भी आ सकता है. पर अब अंदर कोई नहीं. एक बार और हुआ तो बच्ची नहीं झेल पाएगी. ठीक?"

दादा भिंतीले टेकून खालीच बसला.

फुफाजी म्हणे, "अंगारा कमी पडला. उद्या घरच्या सगळ्याइले घेऊन येतो. सगळे मिळून हात फिरवू."

अन् आले ना! क्रूझर भरून. गार्ड तर आमदाराचं नाव ऐकूनच पंक्चर होता. दादा बोलू शकत नोयता, आत्याच्या घरच्या मोठ्या मानसाले कसं बोलन?

मी शाळेपासून नकला करतो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, मंत्र गिळणारा भटजी, सगळे माह्या गळ्यात राहते. डॉक्टर तर सोपा होता, "देखिए" नाकातून अन् "ठीक?" घशातून. कॅन्टीनवाल्याचा फोन घेतला अन् जिन्याखाली गेलो. तिथून फुफाजीले लावला.

"हॅलो, मैं ऑपरेशनवाला डॉक्टर. देखिए, आपको अंदर आना है? आइए."

"जी साहेब! मी म्हणलोच होतो!"

"बस मूँछ निकालनी पड़ेगी. पूरी. उसमें जंतू बैठते हैं. ठीक?"



"साहेब... वरून दुपट्टा बांधला तर?"

"देखिए, बच्ची की जान का सवाल है. साथ में जितने मर्द हैं, सबकी निकलेगी."

मी जिन्याखालून डोकावलो. फुफाजी मिशीवर हात ठेवून उभे, जसं कोनी हिसकून नेऊन राहिलं. मंग सगळ्याइले म्हणे, "चला बापा. दवाखान्याचा नियम हाये. आपन शिकले सवरलेले मानसं, नियम पाळा लागते."

क्रूझर आल्या पावली वापस. हात धुवा म्हणलं तं आमदार काढते, मिशीवर आलं का यायले नियम आठवते!

ताप हळूहळू उतरला. रक्ताची तपासणी चांगली आली, तवा कुठं वहिनी पोटभर जेवली. पोट्टी लाखनीले घरी आली. तिले मी हा किस्सा सांगतला, तं छाती दुखू नये म्हणून उशी छातीशी धरून हसे. "काका, अजून एक डाव," म्हणे. दिवसातून किती डाव सांगतला असन, देव जाने.

मंग एक दिवस फुफाजी दारात. नाकावरून दुपट्टा, त्याच्याखाली मिशीचा फुगा. मले हळूच म्हणे, "का बे, आता मिशी चालते का?"

मी तोंड उघडाच्या आत खाटेवरून बारीक आवाज आला, पक्का नाकातून.

"देखिए, पहले हाथ. ठीक?"

फुफाजी दचकले. दुपट्ट्यावरून माह्याकडं पाहू लागले. मी छताकडं पाहून राहिलो होतो. मंग गुमान नळावर गेले अन् कोपरापर्यंत साबण चोळला.

पोट्टी खाटेवरून वाकून पाहे. "नखं बी," म्हणे.