माउसला हात न लावता

छापखान्यात तिला सगळे साबणबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बावीस वर्षं ती तिथे टायपिंग करत होती. पहिली पंधरा बरी गेली. मग मालकाचा भाचा कामाला लागला आणि तिला स्वतःच्याच टेबलाची शिसारी बसली. चाळिशी उलटलेला बाप्या, पण खाल्लेले हात पुसायची अक्कल नाही. वेफर्सचं पाकीट फोडायचं, बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी तिचा माउस धरून "मावशी, एक मिनिट" म्हणायचं. माउसवर असा थर बसला होता की नखाने खरवडला तर वळी निघावी. तिने एकदा खरवडलाही, आणि त्या दिवशीचा डबा तसाच घरी परत नेला.

तेव्हापासून माउसला हात लावणं बंद. कीबोर्ड तिने घरचा आणला, तो जाताना पिशवीत घालून नेई. राहिला प्रश्न मशीन बंद करायचा. तो मुलीने सोडवला. दोन-चार बटणं दाबून काळी खिडकी उघडायची, तिच्यात shutdown /h एवढं लिहायचं आणि एंटर. मशीन नुसती डुलकी घेत नाही, पोटातलं सगळं अर्धवट काम डिस्कवर उतरवून मगच निजतं, म्हणाली. मग वीज तोडली तरी बिघडत नाही. सकाळी उठवलं की कालचं पान, कालचाच शब्द समोर.

साबणबाईला हे इतकं पटलं की तिने काम सेव्ह करणंच सोडलं. सेव्ह केलेली फाइल भाच्याच्या मशीनवरही उघडे, आणि तिथेही तो बोटं घालीच. एकदा तिच्या अख्ख्या पुस्तिकेची अक्षरं त्याने वेलबुट्टीची करून ठेवली होती.

तर रोज संध्याकाळी एंटर मारायचं आणि मागे वळून न बघता मोरी गाठायची, कोपरापर्यंत हात धुवायला. नळ वाजला की मालक समजे, बाईंचं मशीन निजलं. तो उठून मेन स्विच पाडी. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या महिन्यात एका नर्सरीवाल्याचं रोपांचं सूचीपत्र आलं, नव्वद पानांचं. मालक म्हणाला, शनिवारी हातात द्या, मागची खोली तुमची. दार, कडी, आपलं एकटीचं मशीन. साबणबाईने त्या खोलीसाठी स्पिरिटची बाटली आणि कापसाचं बंडल आणूनसुद्धा ठेवलं.

गुरुवारी एकाहत्तर पानं झाली. शुक्रवारी सकाळी मशीन उघडलं तर पडदा कोरा.

तिने काळी खिडकी उघडून तीच आज्ञा पुन्हा दिली आणि या वेळी बघत राहिली. मशीन निजलं नाही. खाली एक ओळ आली, ही सोय इथे चालू नाही.

भाच्याला विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्याचं मशीन भरलं म्हणून त्याला व्हिडिओ ठेवायला तिच्या डिस्कवर जागा हवी होती आणि त्या निजण्याची फाइल फार जागा खात होती. म्हणून गुरुवारी ती जेवायला गेली असताना त्याने आपल्या खात्यातून शिरून ती सोयच काढून टाकली. संध्याकाळी मालकाने स्विच पाडला तेव्हा मशीन जागंच होतं.

"जागाच तर केली, मावशी," तो म्हणाला आणि अंगठा चाटला.

मालकाने त्याला झापलं. मग तिच्याकडे वळला. "पण बाई, मशीनने कालही सांगितलं असणार की. तुम्ही बघितलं नाहीत."

हे तिला भाच्याच्या अंगठ्याहून जास्त झोंबलं. इथे मशीन लिहून सांगतंय आणि तिथे आपण फेस काढत बसलोय. 

तिने आधी भाच्याला हात धुवायला लावले, मग ती सोय परत चालू करायला लावली. सूचीपत्र पुन्हा टाइप होऊन बुधवारी गेलं. तोवर खोली हुकली होती. मालकाने ती भाच्यालाच दिली, त्याच्या व्हिडिओंसाठी. दोन दिवस स्पिरिटची बाटली तशीच पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, बाहेर आता वेफर्सची कुरकुर ऐकू येत नाही. मागून कोणी "एक मिनिट" म्हणत नाही. तिने स्पिरिट काढलं आणि माउस पुसायला घेतला. सात बोळे काळे झाले, आठवा तेवढा पिवळट निघाला.

आता ती एंटर मारल्यावर हात अंगापासून लांब धरून बसते. मशीनचा दिवा विझला की मगच नळाकडे. भाच्याच्या खोलीत ती एकदाच डोकावली होती. त्याने तपासायची प्रूफं दाराखालून सरकवते.