बाजरीचं अर्धं पोतं

कवठे येमाईत आमची जमीन नव्हती. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. आई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची आणि कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की खुरपं तिथंच टाकून पळायची. गावातली बाळंतपणं ती करायची. बदल्यात खण-नारळ मिळायचा, कधी पायलीभर बाजरी. त्या बाजरीवर आम्ही दिवस काढलेत.

बाईला ती कधी आडवी पाडायची नाही. त्या घरातलं बाजरीचं अर्धं पोतं मागायची, बाईला गुडघ्यावर बसवून त्यावर ओणवी करायची. "भरल्यालं नगं, दगडावानी लागतंय," म्हणायची. "अर्ध्यात छाती रुतती. आन् आडवी कशाला? पोराला खाली यायचंय, आढ्याला न्हाई जायचं."

पुढं मी बी.एस्सी. नर्सिंग केलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी मान वर करूनच सांगते. तिथल्या पुस्तकात एक चित्र होतं. गुडघ्यावर बसलेली बाई, पुढं मोठा रबरी चेंडू, त्यावर तिनं अंग टाकलेलं. मी लगेच फोन लावला.

"आये, तुझं पोतं माझ्या पुस्तकात हाय!"

"गप, येडी," ती म्हणाली. पण हसत होती.

लग्न होऊन मी दौंडला गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून शिरूरच्या एका दवाखान्यात नाव घातलं. आईला आधीच सांगून ठेवलं, "तू आत यायचं. मला ओणवीच बसव."

"व्हय की," ती म्हणाली. "माझी लेक म्हटल्यावर."

त्या दिवशी दुपारपर्यंत मी खोलीत फेऱ्या मारल्या. जोराच्या कळा आल्या तशी मला टेबलावर घेतलं, पण मी उतरले आणि खाली गुडघे टेकले. तिथली नर्स ओरडली, "अहो ताई, तुम्ही नर्स ना? तुम्हीच असं करायला लागल्यावर?"

डॉक्टर मॅडम मात्र थांबल्या. बाळाचे ठोके चांगले होते. त्यांनी आईकडं पाहिलं. "मावशी, तुम्ही खूप बाळंतपणं केलीत म्हणते ही. बसू देऊ का हिला अशीच?"

मी आईकडं पाहिलं. आता एवढं 'व्हय' म्हणायचं होतं तिनं.

तिनं पदर सावरला. "न्हाई मॅडम. ते आमचं अडाण्याचं काम. टेबलावरच घ्या हिला."

आणि मला उठवून माझा पाय तिनं स्वतःच्या हातानं उचलून टेबलावर ठेवला. हात माझ्या ओळखीचा होता, म्हणून मला ढकलताही आला नाही.

पुढं दोन तास मी छताकडं बघत जोर केला. शेवटी खाली चीर द्यावी लागली, टाके पडले. मुलगा सुखरूप झाला. आडवं निजल्यानंच हे सगळं झालं असं मी छाती ठोकून सांगणार नाही, मी शिकलेली आहे. पण मला विचारलंच नाही. विचारलं तिला, आणि ऐन वेळी तिनं माझी बाजू सोडली.

टाके सलत होते तेव्हा एकदा म्हणाले, "का गं आये?"

"तुला कॉलेजात घातली ती काय पोत्यावर वाकवायला?" ती म्हणाली. "लोक काय म्हंतील? शिकल्याली बाई, आन् अशी बाळंत झाली?"

मॅडमनी आडवं पाडलं असतं तर मी सोसलं असतं. नर्सशी भांडले असते. आईशी काय भांडायचं? माझ्या पदवीपुढं तिला स्वतःच्या हातांची लाज वाटली, आणि ती लाज माझ्या अंगावर निघाली.

दुसऱ्या वेळी मी माहेरी गेले नाही. मी नोकरी करते त्या दौंडच्या दवाखान्यातच राहिले आणि आईला कळवलं नाही. खाली गादी घातली, पुढं उशांची चवड रचली, तिच्यावर ओणवी झाले. तिथल्या डॉक्टर मॅडम खाली बसून बाळाचे ठोके ऐकत होत्या. मुलगी झाली.

मग निरोप धाडला, तशी तिसऱ्या दिवशी आई एसटीनं आली. नातीला मांडीवर घेतलं.

"टाकं?"

"न्हाईत."

"कशी झालीस?"

"ओणवी."

तिनं मुलीच्या टाळूवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला बोलवायचं व्हतंस."

"बोलवलं व्हतं," मी म्हणाले. "शिरूरला."

तिनं नातीचं दुपटं सारखं केलं आणि तिला माझ्या कुशीत दिलं.

आमच्या दवाखान्यात आता प्रसूतीच्या खोलीत टेबलाशेजारी खाली गादी असते. कसं बसायचं हे मी आधी बाळंत होणाऱ्या बाईलाच विचारते.