फक्त बटणं राहिलीत

त्या शिंप्याला अख्खी गल्ली 'उद्याशेठ' म्हणायची. कापडाला कात्रीही लागलेली नसली, तरी हा बेधडक ठोकून द्यायचा, "उद्या या, फक्त बटणं राहिलीत." रोज तीच थाप मारून घसा बसला, तेव्हा सुनेनं फोनवर सोय करून दिली. कुणाचाही निरोप आला, की थाप आपोआप जायची.

"मामंजी, तोंडाला सुट्टी. आता जरा हात चालवा."

उद्याशेठ खूश. दुपारी बायकोनं निरोप धाडला, 'जेवायला कधी येताय?' फोननं तिलाही तेच ठोकून दिलं.

पोटात कावळे कोकलायला लागले, तसा तो घरी पोचला. चूल थंडगार, बायको पाय पसरून बसलेली.

"उद्या या," ती म्हणाली, "फक्त फोडणी राहिलीय."