रंग सांगा, सिस्टर!

आमच्या ॲम्ब्युलन्समधून यवतमाळहून नागपूरला ऑपरेशनसाठी गेलेलं बाळ स्वतः येऊन किस्सा सांगत नाही. त्याचं वय तेव्हा एक-दोन दिवस असतं ना! म्हणून सगळे किस्से माझ्याकडेच साचतात. मी नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स. गाडीत मागे काचेच्या पेटीत बाळ, शेजारी मी. पुढे प्रभाकरभाऊ ड्रायव्हर आणि बाळाचा बाप. बाळंतीण बहुतेक वेळा यवतमाळलाच, टाक्यांमुळे पडून. आणि माझा जीव नागपूर येईपर्यंत टांगणीला!

*

गाडी चालवताना प्रभाकरभाऊंना मागे बघता येत नाही. पूर्वी ते सारखे विचारायचे, "कसं हाये?" मी म्हणायचे, "ठीक." एकदा भडकलेच.

"ठीक तर कोनीबी म्हनते, सिस्टर! रंग सांगा, रंग!"

बरोबरच होतं त्यांचं. बाळ गुलाबी म्हणजे ऑक्सिजन नीट पोचतोय. ओठ निळे पडले की धोका. तेव्हापासून आमचं एवढंच बोलणं. "रंग?" "गुलाबी!" आणि दोन मिनिटांनी पुन्हा, "रंग?"

*

एका बाळाची अन्ननलिका मध्येच बंद होती. तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही. सोबत आजी, आणि आजीच्या पिशवीत मधाची बाटली!

"येक बोट चाटवतो फक्त," आजी म्हणाली.

"आजी, ते पोटात नाही जाणार, फुफ्फुसात जाईल!" मी ओरडलेच. मग माझं मलाच वाईट वाटलं.

आजीनं बाटली माझ्या हातात दिली. थोड्या वेळानं कमरेची चंची सोडली आणि आतून दुसरी बाटली काढली.

"हेबी ठेव बाई. मले माहाच भरोसा नाही."

*

या बाळांना नाव नसतं. कागदावर आईचं नाव, आमच्या तोंडी गावाचं. कळंब, आर्णी, दिग्रस.

त्या दिवशी दिग्रस होती. शीची जागाच नव्हती पोरीला. देवळीजवळ सिलिंडर बदलायला गाडी थांबवली. प्रभाकरभाऊ पाना घेऊन सिलिंडरशी झटत होते. दार उघडं, एक हात पेटीत, कानाला फोन, आणि मी डॉक्टरांना घाबरून सांगतेय, "सर, दिग्रसचं पोट फुगत चाललंय! श्वासही जोरात आहे!"

बाजूला मोटरसायकल थांबवून एक काका ऐकत होते. चेहरा पडलेला.

"म्याडम, मी दिग्रसचाच हावो. सकाळपर्यंत तर बरं होतं!"

*

कळंबवरून जाताना प्रभाकरभाऊ तिथल्या चिंतामणी गणपतीसाठी एक छोटा हॉर्न देतात. स्टिअरिंग सोडून हात कसे जोडणार?

एकदा शेजारी बसलेल्या बापानं विचारलं, "हे कायले?" भाऊंनी सांगितलं. तो म्हणाला, "आमी जयभीमवाले, भाऊ. आमी नाही मानत." मग मागे पेटीकडे बघून हळूच म्हणाला, "पन तुमी मानता ना? मंग दोनदा वाजवा!"

*

आणि आर्णी. तिची आतडी छातीत चढलेली, श्वासाला जागाच नाही. जन्मल्या जन्मल्या श्वासनलिकेत नळी घालून उचलली. आईनं तोंडही पाहिलं नव्हतं. नळीमुळे पोरीचा आवाज नाही, आणि पुढे बसलेल्या बापाला, संजयला, मागे वळून बघायचा धीर नव्हता; त्याला कळायचं ते माझ्या शब्दांवरूनच.

"रंग?" "गुलाबी." "रंग?" "गुलाबी."

वर्धा सोडलं आणि ओठ काळपटले. नळीत चिकटा अडकला होता. मी तो ओढून काढत होते, हातानं श्वास देणारा फुगा दाबत होते.

"रंग?"

मी गप्प.

"सिस्टर, रंग!"

संजय वळला नाही. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता, एवढंच दिसलं. मी फुगा दाबत राहिले. किती वेळ, देव जाणे. मग ओठ, मग गाल.

"गुलाबी!" मी किंचाळले. प्रभाकरभाऊंनी डोळे पुसले. संजयनं डॅशबोर्डवरचे हात तेव्हा कुठे सोडले.

तिसऱ्या दिवशी दुसरं बाळ पोचवायला नागपूरच्या त्याच हॉस्पिटलात गेलो, तर संजय बाकावर. आर्णी आत, ऑपरेशनला. आमची गाडी परत निघायची होती, पण मी हलेना, प्रभाकरभाऊही हलेनात. शेवटी सर्जन बाहेर आले. "झालं. आतडी खाली आणली. आता बघून या लांबून."

संजय बघून आला आणि यवतमाळला बायकोला फोन लावला. त्याचा फोन स्पीकरवरच चालायचा.

"झालं वो ऑपरेशन. पाह्यलं मी तिले."

पलीकडे नुसतं रडणं. मग आवाज आला, "कशी हाये वो? तुमच्यासारकी सावळी, का माह्या मायसारकी गोरी?"

संजयनं आमच्याकडे पाहिलं.

"गुलाबी हाये."

पलीकडचं रडणं थांबलं.

"गुलाबी? आपल्या घरात कोन हाये वो गुलाबी?"