युनोपर्यंत निघालेल्या मेंढ्या

त्या दिवशी वाटाघाटी खुर्चीवर अडल्या. हिंदुस्थानच्या साहेबांच्या खुर्चीला हात होते, आमच्या नायब तहसीलदारसाहेबांच्या खुर्चीला नव्हते. आमचे साहेब बसेनात. मग ते साहेबही उठले.

हिंदुस्थान नुकताच स्वतंत्र झाला होता. निजामाचं संस्थान अजून वेगळं होतं. मी औरंगाबादच्या कचेरीत तर्जुमान होतो, म्हणजे दुभाषा. घरात उर्दू, गल्लीत मराठी, एवढ्या भांडवलावर मला अजिंठ्याच्या घाटाखाली सरहद्दीवर धाडलं होतं.

भांडण मेंढ्यांचं होतं. आमच्याकडच्या धोंडिबा धनगराचा कळप चरत चरत पलीकडं गेला आणि तिथल्या पोलिसांनी तो पाटलाच्या शेतात कोंडला. कोकरं मात्र इकडंच पालावर राहिली. शेजारच्या शेळ्यांच्या दुधावर ती कशीबशी तग धरून होती.

"माय तिकडं, लेकरं इकडं. लई दिवस नाय जगायची, साहेब," धोंडिबा मला रोज सांगायचा. मला रात्री जेवण गोड लागेना.

आमच्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "यह मामला हम युनो में ले जाएँगे!"

युनो म्हणजे जगाची नवी पंचायत. मी तर्जुमा केला. समोरचे साहेब कपाळ चोळत म्हणाले, "तिथं आमची माणसं जगाला शांतता सांगतायत. मेंढ्यांवरून गोळी सुटली तर दिल्लीनं तोंड कुठं लपवायचं? पण सरहद्द ती सरहद्द. आधी लेखी दिलगिरी द्या."

बोलणी जुळत आली की पाटील चहा घेऊन मध्ये यायचा. "घाई करू नका, साहेब. देशाच्या इज्जतीचा सवाल हाय." की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

एका संध्याकाळी पाटील मेंढ्या शेताच्या पुढच्या तुकड्यात हाकताना दिसला आणि माझी ट्यूब पेटली. आमच्याकडं शेतकरी धनगराला ज्वारी देऊन रात्री रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंड्यांसारखं खत नाही. इथं दोन सरकारं पाटलाचं शेत फुकटात खतवत होती. निम्मं शेत झालं होतं, निम्मी देशभक्ती शिल्लक होती.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "खाद का मसला युनो के लायक नहीं."

दुसऱ्या दिवशी धोंडिबा घोंगडीत कोकरं घेऊन थेट टेबलापाशी आला. "मरायची तर तुमच्यासमोर मरू द्या," म्हणाला आणि त्यानं ती खाली सोडली. कोकरं ओरडली. पाटलाच्या शेतातून उत्तर आलं. मग बाभळीचं कुंपण मोडून सगळा कळप आमच्या अंगावर आला. टेबल उलटलं. खुर्च्याही आडव्या झाल्या, हातवाली आणि बिनहाताची. शिपायांनी बंदुका उचलल्या, पण नेम कुणावर धरायचा?

धुरळा बसला तेव्हा प्रत्येक कोकरू आपापल्या आईला लुचत होतं. धोंडिबा पागोट्यानं डोळे पुसत होता. माझेही भरून आले.

दोन्ही साहेब उभेच होते, त्यामुळं खुर्चीचा प्रश्न मिटला होता.

"लिखो," आमचे साहेब घसा खाकरून म्हणाले, "दोनों हुकूमतों की रज़ामंदी से भेड़ें वापस."

"हो, हो, आमच्याही संमतीनं," समोरचे साहेब म्हणाले.

एकटा पाटील तेवढा ओरडला, "अहो थांबा, खालचा तुकडा राहिलाय!"

पुढं नोकरीत मोठमोठ्या वाटाघाटींचा तर्जुमा केला. बोलणी उगाच लांबायला लागली की मी अजूनही आधी एकच बघतो, मेंढ्या कुणाच्या शेतात बसल्यात.